हा पाऊस कोणाच्या नावावर?

पंचनाम्याच्या कागदाला पावसाबद्दल फारसं कुतूहल नसतं. महसूल मंडळात चोवीस तासांत 65 मिलिमीटरच्या वर पडला तर अतिवृष्टी, 62 पडला तर नाही. तो का पडला, याचा रकाना त्या कागदावर नाही आणि असायचं कारणही नाही. पण विंचूरच्या उपबाजारात पावसाने लिलाव थांबला की ट्रॉलीच्या ताडपत्रीचा आडोसा धरून उभी असलेली माणसं नेमकं तेच बोलत असतात. ‘आपल्या लहानपणी असा कधी पडायचा? सगळं चक्रच बिघडलंय.’ ‘ग्लोबल वॉर्मिंग, दुसरं काय!’ मग एखादे आजोबा 1969 साली गोदावरीला आलेला महापूर काढतात आणि म्हणतात, ‘पूर तवाबी यायचेच की. तवा कुठं होतं तुमचं वॉर्मिंग?’

दोन्ही बाजूंचं बोलणं खरं आहे. या दोन वाक्यांच्या मधली जागा मोजण्यासाठी गेल्या वीस-पंचवीस वर्षांत हवामानशास्त्राची एक नवी शाखा उभी राहिली. एखाद्या विशिष्ट आपत्तीत माणसाने केलेल्या तापमानवाढीचा वाटा होता का आणि असलाच तर किती, एवढाच तिचा प्रश्न. तिचं उत्तर विंचूरसारख्या गावापर्यंत पोचतं कसं आणि कुठे अडतं, ते बघण्यासारखं आहे.

आधी गावाची जागा. नाशिकहून छत्रपती संभाजीनगरकडे निघालं की निफाडच्या पुढे विंचूर लागतं. लासलगाव इथून हाकेच्या अंतरावर. कांदा, द्राक्षं, सोयाबीन, मका ही पिकं. सरकारने वसवलेलं वाईन पार्कही याच गावात. सह्याद्री ओलांडून येणारा पाऊस घाटमाथ्यावरच रिता होतो. इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो, आणि त्याच जिल्ह्यातल्या निफाड पट्ट्यात जेमतेम पाचशेच्या मागेपुढे. इथली शेती कमी पावसाच्या हिशेबाने बसलेली आहे. द्राक्षाला कोरडी हवा लागते आणि ती इथे मिळते, म्हणून तर द्राक्ष इथे रुजलं. त्यामुळे कोकणात ज्या पावसाची कोणी दखलही घेणार नाही, तो इथे एका रात्रीत वर्षाचं उत्पन्न घेऊन जातो.

आता पावसाच्या हिशेबाकडे. 65 मिलिमीटर म्हणजे एका एकरावर सुमारे 2 लाख 63 हजार लिटर पाणी, दहा हजार लिटरचे सव्वीस टँकर. हे पाणी हवेत असतं कुठून? समुद्र तापतो, वाफ होते, वारा ती आणतो. हवा जितकी गरम तितकी वाफ ती जास्त धरू शकते. क्लॅपेरॉन आणि क्लॉशियस या दोघांनी एकोणिसाव्या शतकात वाफेच्या इंजिनांच्या काळात मांडलेलं गणित आजही तसंच लागू आहे: दर एक अंश सेल्सियसमागे हवेची वाफ धरण्याची क्षमता सुमारे 7 टक्क्यांनी वाढते. 1951 ते 2015 या काळात उष्ण कटिबंधातल्या हिंदी महासागराचा पृष्ठभाग सुमारे एका अंशाने तापला. म्हणजे सामान तर वाढलेलं आहेच.

सामान वाढलं म्हणजे पाऊस तेवढाच वाढतो, असं मात्र नाही. आणलेली वाफ कुठे उतरायची हे वारे ठरवतात, आणि तापमानवाढीने वारेही बदलतात. काही ठिकाणी पाऊस 7 टक्क्यांहून जास्त वाढतो, कारण वाफेचं पाणी होताना जी उष्णता बाहेर पडते ती ढगाला आणखी जोर देते. काही ठिकाणी वारा कमजोर पडतो आणि पाऊस उलट घटतो. भारताच्या बाबतीत तर हे ठळक दिसतं. 1951 ते 2015 या काळात देशातला मोसमी पाऊस एकुणात सुमारे 6 टक्क्यांनी घटला. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या (आयआयटीएम) पुढाकाराने 2020 मध्ये जो राष्ट्रीय अहवाल निघाला, त्यात हा आकडा आहे. आणि त्याच अहवालात असंही आहे की मध्य भारतात दिवसाला 150 मिलिमीटरहून अधिक पावसाच्या घटना सुमारे 75 टक्क्यांनी वाढल्या. पाऊस कमी झाला आणि अतिवृष्टी वाढली, ही दोन्ही विधानं एकाच अहवालातली. कारखाने, वाहनं आणि चुली यांतून निघणारे सूक्ष्म कण उन्हाला अडवतात, जमीन पुरेशी तापू देत नाहीत आणि मोसमी वाऱ्यांचा जोर कमी करतात, हे घटीमागचं एक मोठं कारण मानलं जातं. म्हणजे माणसाचा हात दोन्हीकडे आहे: एक हात पाऊस वाढवतो, दुसरा दाबून धरतो.

या गुंत्यातली पहिली ठोस गाठ सोडवली ती पुण्यातच. आयआयटीएमचे बी. एन. गोस्वामी आणि सहकाऱ्यांनी 2006 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात मध्य भारतातल्या 1951 ते 2000 या पन्नास वर्षांच्या रोजच्या पावसाचा अभ्यास मांडला. तोवर बहुतेक संशोधक हंगामाची सरासरी काढत आणि तीत काही बदल सापडत नाही म्हणून गप्प बसत. गोस्वामींनी सरासरी बाजूला ठेवली आणि दिवस मोजले. दिवसाला 100 मिलिमीटरहून अधिक पावसाच्या घटना वाढल्या होत्या, मध्यम पावसाच्या घटल्या होत्या. दोन्हींनी एकमेकांना खाऊन टाकल्यामुळे सरासरी तशीच राहिली होती. ‘पाऊस तेवढाच, पण पडायचे दिवस कमी झाले’ हे शेतकरी जे म्हणतात, त्याला आकड्यांचा ठोस आधार मिळाला. 2017 मध्ये त्याच संस्थेच्या रॉक्सी मॅथ्यू कोल यांनी 1950 ते 2015 या काळात मध्य भारतात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिप्पट झाल्याचं दाखवलं आणि या वाढीचा माग अरबी समुद्रापर्यंत नेला: पश्चिमेकडून येणारे वारे अलीकडे जास्त हेलकावे खातात आणि त्या झोतांसरशी भरपूर वाफ आत येते.

एक गंमत सांगायला हवी. गोस्वामींनी ‘मध्य भारत’ म्हणून जो चौकोन आखला, त्याची पश्चिमेची कड साडेचौऱ्याहत्तर रेखांशावर आहे. ती रेषा येवल्याजवळून जाते. म्हणजे येवला जवळपास कडेवर आणि विंचूर पंचवीसेक किलोमीटरने बाहेर! पाऊस अर्थातच असा रेखांश बघून थांबत नाही. पण ‘मध्य भारतात इतके टक्के वाढ’ हा आकडा जेव्हा वर्तमानपत्रातून गावात येतो, तेव्हा तो गावाचा नसतो, एका मोठ्या चौकोनाचा असतो, हे लक्षात ठेवलेलं बरं.

इतका मोठा चौकोन घ्यायचाच कशाला, विंचूरचा पाऊस विंचूरमध्येच का मोजू नये? त्यासाठी पर्जन्यमापक बघावा. तहसील कार्यालयाच्या आवारात जो पारंपरिक पर्जन्यमापक असतो, त्याचं तोंड पाच इंच व्यासाचं. सकाळी साडेआठला त्यातलं पाणी मोजपात्रात ओतून नोंद करायची, आणि ती आसपासच्या सगळ्या शिवाराची नोंद. जोराचा ढग मात्र दोन-चार किलोमीटरच्या पट्ट्यातच कोसळून मोकळा होऊ शकतो. 26 जुलै 2005 ला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झाला, आणि त्याच दिवशी कुलाब्याला अवघा 73. मुंबईत तेव्हा कुलाब्याचाच पर्जन्यमापक असता, तर त्या दिवसाची इतिहासात नोंद ‘जोरदार सरी’ अशी झाली असती. एका जागी असा प्रसंग शतकातून एखाद्या वेळी येतो, मग त्याचं प्रमाण वाढलं की घटलं हे त्या एका जागेवरून कसं कळणार? मोठा प्रदेश घेतला की तसे प्रसंग जास्त मिळतात आणि त्यांची मोजदाद शक्य होते. भारतीय हवामान विभाग जुन्या-नव्या हजारो केंद्रांच्या नोंदींवरून देशाचा जो रोजचा पाऊस-नकाशा बनवतो, त्यातली एक चौकट साधारण 27 किलोमीटर लांब-रुंद असते. विंचूर, लासलगाव आणि भोवतालची कितीतरी गावं एकाच चौकटीत बसतात.

आता मूळ मुद्दा: एखाद्या पावसाचं कारण माणूस आहे, हे ठरवतात कसं?

चाळीत भरलेल्या उन्हाळ कांद्यातला काही कांदा सडतोच. त्यातला एक सडका कांदा हातात घेऊन ‘हा का सडला’ असं विचारलं, तर कोणी शपथेवर उत्तर देणार नाही. काढताना मार लागला असेल, मान ओली राहिली असेल. पण दरसाल शंभरात दहा सडायचे आणि आता वीस सडू लागले, तर माणूस कांद्याकडे बघणं सोडून चाळीकडे बघतो. आणि ‘या वीसपैकी दहा चाळीमुळे गेले’ असं तो खात्रीने म्हणतो, कोणते दहा हे सांगता येत नसलं तरी.

हवामानाचे अभ्यासक हेच करतात, फक्त त्यांच्यापाशी दुसरी चाळ नाही. पृथ्वी एकच आहे. म्हणून ते संगणकात दुसरी पृथ्वी उभी करतात: सगळं तसंच, फक्त हवेत दीडशे वर्षांपूर्वीइतकाच कार्बन डायऑक्साइड. आजची पृथ्वी आणि ती पृथ्वी, दोन्ही हजारो वर्षं चालवतात आणि दोन्हींकडे तसा पाऊस किती वेळा पडला ते मोजतात. जो पाऊस त्या थंड जगात शंभर वर्षांत एकदा पडला असता तो आजच्या जगात पन्नास वर्षांत एकदा पडत असेल, तर धोका दुप्पट झाला. दुसरी वाट प्रत्यक्ष नोंदींची: शंभर वर्षांच्या पावसाच्या नोंदी घेऊन, जगाचं तापमान चढत गेलं तशी मोठ्या पावसाची शक्यता कशी सरकली ते संख्याशास्त्राने काढायचं. दोन्ही वाटांची उत्तरं जुळली तर विधान करायचं, न जुळली तर तसं सांगायचं.

ही कल्पना ज्या प्रसंगातून जोर धरून पुढे आली तो प्रसंगही पुराचाच. जानेवारी 2003 मध्ये ऑक्सफर्डला थेम्स नदी चढत होती आणि पाणी माइल्स ॲलन या हवामानशास्त्रज्ञाच्या घराच्या दिशेने येत होतं. त्या दिवसांत त्यांनी ‘नेचर’साठी एक टिपण लिहिलं: या नुकसानीबद्दल कोणावर दावा लावता येईल का? पुढच्याच वर्षी पीटर स्टॉट आणि ॲलन यांच्या गटाने दाखवलं की 2003 च्या युरोपातल्या जीवघेण्या उष्णतेच्या लाटेचा धोका माणसामुळे किमान दुप्पट झाला होता. पुढे फ्रेडरिके ओटो आणि खेर्ट यान व्हान ओल्डेनबोर्ख यांनी ‘वर्ल्ड वेदर ॲट्रिब्युशन’ हा गट उभा केला. आपत्तीनंतर वर्षांनी नव्हे, काही दिवसांत-आठवड्यांत उत्तर द्यायचं, लोकांच्या डोळ्यांसमोर चिखल असतानाच, हा त्यांचा हट्ट. तापमानवाढीचे ठसे ओळखण्याची मूळ पद्धत बसवणारे क्लाउस हासलमान यांना 2021 मध्ये भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

या मंडळींवर आपण विश्वास का ठेवावा? मला विचाराल तर चेन्नईमुळे. 1 डिसेंबर 2015 ला चेन्नईत पावसाने थैमान घातलं, शेकडो माणसं गेली. दोष तापमानवाढीवर टाकायला सगळे तयार होते. व्हान ओल्डेनबोर्ख यांच्या गटाने अभ्यास केला आणि सांगितलं की या पावसात तापमानवाढीचा वाटा दिसत नाही. बंगालच्या उपसागराचा तो भाग म्हणावा तसा तापलेला नव्हता आणि हवेतल्या सूक्ष्म कणांनी उष्णतेचा परिणाम झाकलेला असावा. जो तराजू कधीतरी ‘नाही’ म्हणतो, त्याच्या ‘हो’ला किंमत असते. पुढे 30 जुलै 2024 च्या पहाटे वायनाडमध्ये डोंगर कोसळला, तेव्हा याच पद्धतीने उत्तर आलं की त्या एका दिवसाचा पाऊस तापमानवाढीमुळे सुमारे 10 टक्के जास्त होता. सोबत इशाराही होता: डोंगराळ भाग, लहान क्षेत्र, संगणकी प्रारूपांमध्ये बरीच तफावत. 2017 मध्ये अमेरिकेत ह्यूस्टनवर कोसळलेल्या हार्वे वादळाचा पाऊस सुमारे 15 टक्के जास्त असल्याचं निघालं होतं.

दहा टक्के ऐकून कोणी म्हणेल, एवढंच? नव्वद टक्के तर निसर्गाचंच झालं! इथे पंचनाम्यातली ती 65 ची रेघ कामाला येते. समजा एका मंडळात 66 मिलिमीटर पडला आणि त्यातला तापमानवाढीचा वाटा वायनाडइतकाच धरला. तो काढून टाकला तर उरतात 60. ती तर अतिवृष्टीच नव्हे. पाच-सहा मिलिमीटरने नाला बांध ओलांडतो, वावरातलं पाणी निघायच्या आत पुढची सर येते, रोपांची मुळं बुडून राहतात. नुकसान पावसाच्या प्रमाणात वाढत नाही. ते एका मर्यादेपर्यंत जवळजवळ शून्य असतं आणि तिच्या पुढे सगळंच जातं. म्हणून पावसाच्या मात्रेतली थोडी वाढ ही मर्यादा ओलांडणाऱ्या दिवसांची संख्या मात्र खूप वाढवते.

आता विंचूरच्या खऱ्या दुखण्याकडे यायला हवं, कारण इथली मोठी नुकसानी पावसाळ्यातल्या अतिवृष्टीपेक्षा वेळ चुकलेल्या पावसाने होते. 2019 चं साल निफाड तालुका विसरलेला नाही. त्या वर्षी मोसमी पाऊस देशातून परत फिरायला लागला तोच 9 ऑक्टोबरला, तोवरच्या नोंदींत सर्वांत उशिरा. हिंदी महासागराचा पश्चिम भाग नेहमीपेक्षा बराच तापलेला आणि पूर्व भाग थंड, अशी स्थिती त्या वर्षी फार तीव्र होती. दिवाळीत, लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, 27 ऑक्टोबरला अरबी समुद्रात ‘क्यार’ हे महाचक्रीवादळ झालं, 2007 च्या ‘गोनू’नंतरचं त्या समुद्रातलं पहिलंच. ते विरायच्या आत पाठोपाठ ‘महा’ आलं. दोन्ही वादळं महाराष्ट्राच्या किनाऱ्याला धडकली नाहीत. पण त्यांनी वाफेचे लोटच्या लोट आत ढकलले आणि नाशिक जिल्ह्यावर पाऊस हटायला तयार होईना.

द्राक्षाची गोडी छाटणी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये होते. म्हणजे त्या आठवड्यांत कुठे बाग पोंग्यात, कुठे दोडा अवस्थेत, कुठे फुलोऱ्यात. या दिवसांत पानं रात्रभर ओली राहिली की डाऊनी हा बुरशीचा रोग येतो, घडाची गळ होते, कूज लागते. ट्रॅक्टर चिखलात रुतत असल्याने फवारणीचा ब्लोअर बागेत घालता येत नाही, आणि घातला तरी औषध तासाभरात धुऊन जातं. यासाठी 65 मिलिमीटर लागत नाहीत. रोज पंधरा-वीस पुरतात. राष्ट्रपती राजवटीतल्या त्या नोव्हेंबरमध्ये राज्यपालांनी मदत जाहीर केली: खरीप पिकांना हेक्टरी 8 हजार, फळबागांना 18 हजार, दोन हेक्टरांच्या मर्यादेत. ज्या बागेचा खर्च एकरी लाखांत जातो तिच्यासाठी हे किती, हे निफाडात कोणाला समजावून सांगावं लागत नाही. पुढे 2023 मध्ये राज्य सरकारने ‘सततचा पाऊस’ हीसुद्धा आपत्ती मानली. पाच दिवस सलग, रोज किमान 10 मिलिमीटर, अशी एक अट त्यात आहे. एका दिवसाची रेघ अपुरी पडते, हे सरकारी कागदावर आलं ते असं.

मग 2019 चा तो पाऊस माणसाने आणला का? साखळीचे दुवे एकेक करून तपासले पाहिजेत. अरबी समुद्र तापला, हे नक्की, आणि त्यात हरितगृह वायूंचा हात आहे हेही नक्की. त्या समुद्रात वादळं वाढली का? आयआयटीएमच्या मेधा देशपांडे आणि सहकाऱ्यांनी 2021 मध्ये दाखवलं की 1982 ते 2000 च्या तुलनेत 2001 ते 2019 या काळात अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांची संख्या 52 टक्क्यांनी वाढली. बंगालच्या उपसागरात ती किंचित घटली. प्रिन्स्टनच्या हिरोयुकी मुराकामी यांच्या गटाने पावसाळ्यानंतर येणाऱ्या अतितीव्र वादळांसाठी दोन जगांची ती तुलना केली आणि माणसामुळे त्यांची शक्यता वाढल्याचा निष्कर्ष काढला. हा दुवा बऱ्यापैकी घट्ट आहे. पुढचा सैल. हिंदी महासागराच्या पूर्व-पश्चिम तापमानातला तो झोका निसर्गतःच येत-जात असतो. 2019 मध्ये तो टोकाचा होता, आणि त्यातला किती भाग माणसाचा हे वेगळं काढणं अवघड. शेवटचा दुवा, म्हणजे वादळाची वाफ नेमकी याच तालुक्यावर येऊन उतरणं, हा त्या दिवशीच्या वाऱ्यांचा खेळ. म्हणून प्रामाणिक उत्तर असं: समुद्रावरचा धोका वाढवण्यात माणूस सामील, तो निफाडवर उतरला हा योग.

गारपिटीबद्दल तर एवढंही म्हणता येत नाही. 26 नोव्हेंबर 2023 च्या रविवारी निफाड तालुक्यात गारांनी द्राक्षबागा झोडपल्या. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये तर अर्ध्याहून अधिक महाराष्ट्राने गारा झेलल्या. गार बनते ती ढगाच्या पोटातल्या वर चढणाऱ्या झोतात. तापमान वाढलं की तो झोत जोरदार होतो, मोठ्या गारा तोलून धरतो. पण त्याच वेळी हवेतली गोठण्याची पातळी वर सरकते आणि लहान गारा जमिनीवर पोचण्याआधी वितळतात. दोन उलट ओढी. आणि जगाच्या हवामानाची संगणकी प्रारूपं जी चौकट धरून चालतात तीत गारेचा ढग मावतच नाही, तो तिच्या एका कोपऱ्यात हरवतो. हवामानबदलावरच्या आंतरसरकारी समितीच्या (आयपीसीसी) 2021 च्या अहवालाने जमिनीवरच्या मोठ्या पावसाच्या वाढीत माणसाचा हात स्पष्ट सांगितला. गारपिटीबद्दल मात्र खात्री कमी असल्याचं नोंदवलं. गारांचं खापर तापमानवाढीवर सरसकट फोडणारी भाषणं मला म्हणूनच खटकतात. उद्या कोणी तज्ज्ञ उठून ‘गारपिटीचा पुरावा कच्चा आहे’ म्हणाला, तर त्याच्यासोबत पावसाचा पक्का पुरावाही वाहून जातो.

पुराचं आणखी वेगळं. 2016 आणि 2019 च्या ऑगस्टमध्ये तालुक्यातल्या सायखेडा आणि चांदोरी या गावांत गोदावरी घुसली. पाऊस पडला होता त्र्यंबकेश्वर-इगतपुरीकडे. पाणी धरणांतून सुटलं, खाली नांदूरमधमेश्वरच्या बंधाऱ्यामागे शंभर वर्षांचा गाळ साचलेला. तिथल्या गाळपेरामुळे आणि उथळ पाण्यामुळे पक्षी आले, आणि पुढे हा परिसर आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेलेला महाराष्ट्रातला पहिला ठरला. पण तोच गाळ पुराचं पाणी मागे रेटतो, अशी काठच्या गावांची जुनी तक्रार आहे. अशा पुरात हवेचा वाटा, धरणाच्या दारांचा वाटा आणि गाळाचा वाटा वेगवेगळा काढावा लागतो. ‘हवामानबदलामुळे पूर’ एवढं म्हणून टाकलं की दुसऱ्या दोघांची सुटका होते, आणि ती कोणाला सोयीची असते हे उघड आहे.

ॲलन यांचा 2003 चा प्रश्न दरम्यान खरोखरच कोर्टात पोचला. पेरूमधल्या हुआराझ इथले शेतकरी सौल लुसियानो लियुया यांनी 2015 मध्ये आरडब्ल्यूई या जर्मन वीज कंपनीवर दावा लावला: जगाच्या एकूण उत्सर्जनात तुमचा वाटा अर्ध्या टक्क्याच्या आसपास, तर माझ्या गावावर टांगलेल्या हिमसरोवराच्या बंदोबस्ताचा तेवढा खर्च तुम्ही द्या. दहा वर्षांनी, 28 मे 2025 रोजी हाम इथल्या न्यायालयाने दावा फेटाळला, कारण त्यांच्या घराला नजीकचा धोका पुरेसा सिद्ध झाला नाही. तत्त्व मात्र मान्य केलं की मोठ्या उत्सर्जकांना अशी जबाबदारी लागू होऊ शकते. म्हणजे जगाच्या तापमानवाढीचा मोठा मुद्दा कोर्टाला तत्त्वतः चालला. अडलं ते गावाच्या पातळीवर.

निफाडमधून कोणी असा दावा उभा करायचं म्हटलं, तर तोही तिथेच अडेल. मंडळनिहाय बसवलेली ‘महावेध’ प्रकल्पाची स्वयंचलित हवामान केंद्रं जेमतेम दशकभराची आहेत, पावसाचा कल ठरवायला तीसेक वर्षांच्या नोंदी तरी लागतात. आणि पाऊस मोजला तरी त्याने बागेचं काय केलं, हे पर्जन्यमापकाला कळत नाही. ती माहिती दुसरीकडे आहे. युरोपात द्राक्षं पाठवणाऱ्या बागायतदाराला नोंदणी केलेल्या प्लॉटची फवारणीची वही ठेवावी लागते: छाटणी कोणत्या तारखेला, कोणतं औषध कधी, किती. लागोपाठच्या तारखांना डाऊनीची औषधं दिसली की त्या आठवड्यात पाऊस होता आणि बाग कोणत्या अवस्थेत होती, हे दोन्ही एकाच पानावर सापडतं. या वह्या ठेवल्या जातात त्या औषधांचे अवशेष तपासण्यासाठी. हंगाम संपला, कंटेनर रवाना झाला की त्यांचं काम संपतं. हवामानाच्या अभ्यासकाने त्या गोळा करून पर्जन्यमापकाच्या नोंदींशेजारी मांडल्या, तर ऑक्टोबरात वीस मिलिमीटर पाऊस किती वेळा ‘अतिवृष्टी’ ठरला, हे प्लॉटनिहाय सांगता येईल.